पोळी फाटते, वातड होते, कणीक ओघळते: आधी पाणी तपासा

नाशकात मी गेली एकोणीस वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवते आहे. रोज १२ किलो पीठ भिजतं, त्याच्या पावणेपाचशेच्या आसपास पोळ्या होतात. इतक्या वर्षांत कणीक बिघडण्याचे दिवस आता मला पाठ झाले आहेत. एकदा मे महिन्यात, एकदा पाऊस लागला की पहिल्या पंधरवड्यात, आणि कधीकधी नवा गहू दळून आणला की. सुरुवातीची चार-पाच वर्षं मी दर वेळी गव्हाला दोष देत होते. दुकान बदललं, गिरणी बदलली, शरबती सोडून लोकवन घेतला, परत शरबती घेतला. पोळ्या करणाऱ्या बायकांनाही बोलले, त्याचं आजही वाईट वाटतं, कारण त्यांचा हात तोच होता आणि गहूही बहुतेक वेळा चांगलाच होता. चुकत होता तो पाण्याचा हिशोब.

पाणी म्हणजे परातीत ओततो तेवढंच नाही. पिठात आधीपासून पाणी असतं, पावसाळी हवेतून पिठात शिरतं, आणि कापणीच्या वेळी पाऊस आला तर दाण्यातही मुरतं. गव्हातलं प्रथिन या तिन्ही पाण्यांना वेगवेगळं वागतं. कुठल्या पाण्याने घोटाळा केला हे कळलं की उपाय सहसा फुकटचा असतो.

लक्षणं

कोरड्या बाजूची: मळताना परातीच्या कडेला भुगा उरतो. लाटी दाबली की कडेला चिरा पडतात. पोळी लाटली की आक्रसून मागे येते. तव्यावर फुगायला लागते आणि एका ठिकाणी भोक पडून वाफ निघून जाते. गरम असताना बरी लागते, दुपारी डबा उघडला की वातड.

ओल्या बाजूची: कणीक बोटं सोडत नाही, पोळपाटाला धरते, पिठी लावून लावून पोळी पांढुरकी होते आणि मग तीच पिठी तव्यावर जळते. घडीच्या पोळीचे पदर एकमेकांत बसतात, सुटत नाहीत. पुरणपोळी उचलताना हातात फाटते.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. मळून झाली तेव्हा कणीक अगदी लोण्यासारखी असते. अर्ध्या तासाने झाकण काढावं तर उंडा परातीत पसरलेला, वर ओलसर चमक आलेली, आणि ओढून पाहिलं की तार न येता तुकडाच हातात येतो.

यातलं आपलं कुठलं, हे नुसतं बघून ठरवू नका. लिंबाएवढी कणीक घ्या, ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा आणि मग बोटांनी ओढून बघा. वाट पाहिल्यावर कणीक सुधारली, की बिघडली? सुधारली तर पीठ तहानलेलं होतं, आणि पुढच्या पहिल्या चार-पाच तपासण्यांतच तुमचं काम होईल. बिघडली तर दोष आत, पिठात किंवा दाण्यातच आहे; थेट गव्हाच्या तपासणीकडे जा. कितीतरी वेळा या एका प्रश्नाने माझे दोन-तीन दिवस वाचले आहेत.

कणकेत होतं काय

गव्हात साधारण १० ते १३ टक्के प्रथिन असतं. त्यातला सुमारे चार-पंचमांश भाग दोन प्रकारच्या प्रथिनांचा, ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन. प्रथिन म्हणजे लांब साखळ्यांसारखे रेणू. ग्लायाडिनच्या साखळ्या सुट्या, गुंडाळलेल्या, एकमेकींवरून घसरणाऱ्या असतात. पोळी लाटताना पसरते ती यांच्यामुळे. ग्लुटेनिनच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना जोडून लांबच लांब झालेल्या असतात. लाटलेली पोळी मागे ओढली जाते ती यांच्यामुळे. दोन्ही मिळून जे जाळं होतं त्याला ग्लूटेन म्हणतात.

आता महत्त्वाची गोष्ट. कोरड्या पिठात हे जाळं नसतंच. तिथे प्रथिन काचेसारखं घट्ट, जागच्या जागी अडकलेलं असतं. साखळ्या एकमेकींना धरून बसलेल्या असतात, हलू शकत नाहीत. पाणी त्यांच्या मधे शिरतं, ती पकड सैल करतं, मग साखळ्यांना हालचाल मिळते. प्रथिनातला ओलावा १५-१६ टक्क्यांच्या पुढे गेला की नेहमीच्या तापमानाला ते कडक न राहता रबरासारखं होतं. त्यानंतर आपण तिंबतो तेव्हा साखळ्या ताणल्या जातात, एका ओळीत येतात, नवे बंध जुळतात. म्हणजे जाळं हाताने विणलं जातं खरं, पण आधी पाणी पोचलं तरच. पाणी न पोचलेल्या पिठाला कितीही तिंबलं तरी मनगट दुखतं, कणीक सुधारत नाही.

पाणी जास्त झालं की उलट होतं. साखळ्यांमधे इतकं पाणी भरतं की त्यांची एकमेकींवरची पकडच सुटते, आणि कणीक ओघळते.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर कुरडयांची आठवण काढा. तीन दिवस भिजवलेले गहू वाटून, पिळून चीक काढतो. खाली बसणारा पांढरा चीक म्हणजे स्टार्च. आणि चोथा पिळताना बोटांना जे रबरासारखे धागे गुंडाळतात, धुतले तरी सहज जात नाहीत, ते ग्लूटेन. इटलीतल्या बोलोन्यात जाकोपो बेक्कारी यांनी १७२८ साली गव्हाचं पीठ पाण्याखाली धुऊन नेमकं हेच वेगळं करून दाखवलं, आणि असा पदार्थ फक्त प्राण्यांच्या शरीरात नाही तर धान्यातही असतो हे पहिल्यांदा पुढे आलं. आपल्याकडच्या बायकांच्या बोटांना ते दर उन्हाळ्यात लागतच होतं.

१. पाणी मोजून घाला, अंदाजाने नको

खर्च शून्य, म्हणून आधी हे. वजनकाट्यावर १ किलो पीठ घ्या आणि मोजपात्रात ७०० मिली पाणी. त्यातलं ६०० मिली घालून पीठ गोळा करा, दहा मिनिटं थांबा, मग उरलेल्यातलं लागेल तेवढंच शिंपडून घाला. शेवटी किती लागलं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. आमच्याकडे दर सोमवारी हा आकडा लिहितात.

याची गरज का, ते सांगते. एका मे महिन्यात मी १०० ग्रॅम पीठ ताटलीत पातळ पसरून घरच्या ओव्हनमध्ये १३० अंशांवर दोन तास ठेवलं. काढून लगेच तोललं तर ९१ ग्रॅम भरलं. म्हणजे पिठात ९ ग्रॅम पाणी होतं. त्याच गिरणीतलं, त्याच गव्हाचं पीठ जुलैत तसंच वाळवलं तर ८६ ग्रॅम राहिलं. म्हणजे १४ ग्रॅम पाणी. बाहेरून दोन्ही पिठं सारखीच कोरडी दिसत होती.

१० किलोला हा फरक लावून पाहा. मेच्या पिठात पाणी ९०० ग्रॅम, जुलैच्या पिठात १ किलो ४०० ग्रॅम. अर्ध्या लिटरचा फरक, तोही आपण नळाला हात लावायच्या आधी. शिवाय जुलैच्या पिठात पाणी पिणारा कोरडा भागही अर्ध्या किलोने कमी. आणि आपण मात्र बाराही महिने त्याच तांब्याने पाणी घालतो. माझ्या मे आणि जुलैच्या तक्रारींचं सगळं रहस्य एवढंच होतं.

२. भिजू द्या

सकाळच्या घाईत हीच पायरी गळते. चक्कीच्या पिठात कोंडा असतो, आणि कोंडा पाणी सावकाश पितो. तो प्रथिनाच्या वाट्याचं पाणी मागे मागे ओढत राहतो. मळल्याबरोबर लाटायला घेतली तर कणीक हाताला ओली लागते आणि आत तहानलेली असते. हाताला ओली लागली म्हणून आपण पाणी कमी करतो, आणि दुपारी पोळी वातड. मी कित्येक घरांत हीच साखळी पाहिली आहे.

किमान २० मिनिटं, जमलं तर ४०. झाकताना ओलं पिळलेलं फडकं थेट कणकेला लागेल असं टाका, नाहीतर वर साय धरते आणि ती साय लाटीत कोरड्या खड्यासारखी येते. नुसतं ताट झाकलं तर मे महिन्यात पंधरा मिनिटांतही साय येते.

या थांबण्याचा दुसराही उपयोग आहे. तिंबताना ताणलेलं जाळं या वेळात सैलावतं. म्हणून मागे येणारी पोळी थांबल्यावर मुकाट्याने लाटली जाते. लाटण्यावर जोर देऊन ती कधीच ऐकत नाही.

३. तेल कधी घातलंत?

पाण्याच्या आधी, की नंतर? शंकरपाळ्यांना आपण कडकडीत मोहन कोरड्या पिठात चोळतो, ते कशासाठी? पिठाच्या कणांवर तेलाचा थर बसला की पाणी प्रथिनापर्यंत पुरेसं पोचत नाही, जाळं तोकडं राहतं, म्हणून शंकरपाळी खुसखुशीत होते. तेच आपण पोळीला नकळत करतो आणि पोळी तुटते म्हणून हळहळतो. पोळीच्या कणकेला तेल शेवटी, कणीक भिजून झाल्यावर हाताला लावून. पुरणपोळीची कणीक तर आधी पाण्याने सैल भिजवून, तासभर ठेवून, मग तेलाच्या हाताने तार येईपर्यंत तिंबायची. क्रम उलटा झाला की जाळं विणलं जात नाही आणि पुरण बाहेर येतं.

मीठ मात्र सुरुवातीलाच, पाण्यात विरघळवून. प्रथिनाच्या साखळ्यांवर विद्युतभार असतो, त्यामुळे त्या एकमेकींना दूर ढकलतात. मीठ हा ढकलणारा जोर कमी करतं, साखळ्या जवळ येतात आणि कणीक घट्ट होते. पावसाळ्यात कणीक चिकट होत असेल तर किलोला दहा ग्रॅम मीठ घालून बघा. आमच्याकडे काही गिऱ्हाइकांना डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलेलं आहे, त्यांच्या कणकेला ते घालत नाही, तिथे पाणीच थोडं कमी करतो.

४. पाणी किती गरम होतं

मऊ पोळीसाठी गरम पाणी घाला, असा सल्ला बऱ्याच जणी देतात. कोमट ठीक आहे. उकळायच्या बेताचं असेल तर तुम्ही जाळं विणायच्या आधीच प्रथिन शिजवत आहात. ओल्या अवस्थेत ग्लूटेनची घडण ७०-७५ अंशांच्या पुढे बदलायला लागते. साखळ्या उलगडून एकमेकींना कायमच्या चिकटतात, मग त्या ताणल्या जात नाहीत. अशी पोळी मऊ होते, पण तिला ताण नसतो, त्यामुळे ती फुगत नाही आणि घडी उलगडताना तुटते.

ज्वारीच्या आणि तांदळाच्या भाकरीला मात्र उकळतं पाणीच लागतं, कारण तिथे ग्लूटेन नाही. तिथे पीठ धरून ठेवायचं काम शिजलेला स्टार्च करतो. भाकरीची युक्ती पोळीला लावू नका.

ओलं आणि कोरडं असताना प्रथिन उष्णतेला किती वेगळं वागतं हे एकदा ध्यानात ठेवा, पुढे गिरणीच्या वेळी लागेल. कोरडं प्रथिन पुष्कळ तापमान सहन करतं. तेच ओलं असलं की थोड्या तापानेही बदलतं. पण सहनशक्तीला मर्यादा आहे. लाडवासाठी खमंग भाजलेल्या कणकेच्या पोळ्या करायला घ्या, पाणी घातलं तरी गोळा तुटत राहील.

५. तवा आणि डबा

कणीक चांगली असूनही पोळी वातड होत असेल तर दोष इथे आहे. मंद आचेवर पोळी भाजली जाण्याऐवजी वाळते. तव्याचं काम झटपट व्हायला हवं: पाण्याची वाफ होते, वाफ वरच्या-खालच्या पापुद्र्यांमधे अडकते, पोळी फुगते, आणि तेवढ्यात जाळं त्या आकारात पक्कं होतं. ताप कमी पडला तर फुगण्याआधीच पाणी उडून जातं. मागे राहतं ते चामडं.

भाजलेली पोळी सुती फडक्यात, मग डब्यात. गरम पोळ्या थेट स्टीलच्या डब्यात बंद केल्या तर झाकणाचं पाणी वरच्या दोन पोळ्यांवर गळतं, आणि उघड्या ठेवल्या तर सगळ्याच वाळतात. शिळी पोळी कडक होते त्यात स्टार्चचाही मोठा हात असतो, त्याला पूर्ण इलाज नाही. गरम केली की काही वेळ मऊ होते, एवढंच.

६. पिठाचा डबा

डब्यात हात खोलवर घाला. तळाचं पीठ गार आणि मुठीत दाबल्यावर गोळा धरणारं लागलं तर त्यात ओल आहे. एकदा वास घ्या. कुबट असेल, जाळी किंवा हिरवट-काळे ठिपके असतील तर तपासणी इथेच संपली: पीठ फेकून द्या. चाळून, उन्हात घालून, भाजून वापरू नका. काही बुरशा जे विष तयार करतात ते तव्याच्या उष्णतेने नाहीसं होत नाही. बारा किलोचा डबा फेकताना जीव तुटतो, मी फेकला आहे.

दळून आणलेलं गरम पीठ डब्यात भरून लगेच झाकण लावणं, ही ओलीची सगळ्यात मोठी वाट. गरम पिठातून निघालेली वाफ झाकणाला गार होते, परत पिठात पडते, आणि आता पीठ गरमही आहे आणि ओलंही. प्रथिनाला नको ते नेमकं हेच. मोठ्या कागदावर किंवा धोतरावर पसरून गार करा, मग भरा. पावसाळ्यात दळण आठवड्याचंच आणा. चक्कीच्या पिठात अंकुराचं तेल असतं, त्यामुळे ते तसंही फार टिकत नाही.

७. पीठ धुऊन बघा

इथवर काही सापडलं नाही तर ही परीक्षा करा. पाव तास लागतो आणि खर्च मूठभर पिठाचा. ही करताना मला दर वेळी नवल वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पीठ मैद्याच्या चाळणीने चाळून कोंडा बाजूला करा. चाळलेलं २५ ग्रॅम पीठ घ्या, त्यात तीन चमचे म्हणजे १५ मिली पाणी घालून घट्ट गोळी करा. वाटीत गोळी बुडेल एवढं पाणी घेऊन त्यात अर्धा तास ठेवा. मग बारीक चाळणीवर, नळाच्या अगदी बारीक धारेखाली, गोळी तळहातावर हळूहळू दाबत राहा. सुरुवातीला दुधासारखं पाणी जातं. गोळी विरघळून संपणार असं वाटतं, थोडे तुकडे चाळणीत पडतात, ते परत गोळीला चिकटवा. पाच-सात मिनिटांनी पाणी निवळायला लागतं आणि हातात करडी-पिवळसर, च्युइंगगमसारखी गोळी उरते. घट्ट पिळा आणि तोला.

६ ते ८ ग्रॅम भरली तर पीठ पोळीला उत्तम. त्या गोळीत साधारण दोन-तृतीयांश पाणीच असतं, म्हणजे प्रथिनाने स्वतःच्या दुप्पट पाणी धरून ठेवलेलं असतं. आता गोळी दोन्ही हातांनी ओढा. चांगलं ग्लूटेन लांब जातं, उजेडासमोर धरलं तर पारदर्शक पडदा दिसतो, सोडलं की थोडं मागे येतं.

वजन चांगलं पण गोळी ओढताक्षणी तुटते: प्रथिन आहे, पण तापाने बिघडलेलं. गिरणीकडे पाहा. गोळी बांधलीच जात नाही, सगळं चाळणीतून वाहून जातं: गहूच पोळीच्या जातीचा नाही किंवा दाणा खराब आहे. गोळी बांधली, पण वाटीत तासभर ठेवल्यावर लिबलिबीत झाली: कोंब आलेला गहू.

जातीचं थोडक्यात सांगते. खपलीचं ग्लूटेन नाजूक असतं, त्याची गोळी लेचीपेची येणारच, तो गव्हाचा दोष नाही. खपली खिरीला, लापशीला अप्रतिम. पोळीला घ्यायचा तर कणीक जरा घट्ट भिजवायची आणि फार तिंबायची नाही. बन्सी किंवा निफाडच्या संशोधन केंद्राचा गोदावरी हे शेवयांचे, रव्याचे गहू. त्यांचं ग्लूटेन कडक असतं, पसरत नाही. त्याच केंद्राचा त्र्यंबक किंवा आपला नेहमीचा लोकवन हे पोळीचे. शेवयांचा गहू पोळीला दळला गेला की पोळी मागे येते, आणि दुकानदाराच्या पोत्यांची अदलाबदल झाली तरी हे होतं.

८. गिरणी

पीठ पडताना पिशवीखाली हात धरा. ऊबदार असणं स्वाभाविक आहे. हात ठेववत नाही इतकं गरम असेल, किंवा पिठाला भाजल्यासारखा वास असेल तर दगड फार घासून दळतो आहे. दगडाची टाकी, म्हणजे छिन्नीने पाडलेल्या खाचा, बोथट झाली की दाणा कापला जाण्याऐवजी चिरडला जातो, ताप वाढतो आणि पीठ अतिबारीक होतं. त्यात स्टार्चचे कण इतके फुटतात की ते पाणी भरमसाट ओढतात. कणकेला पाणी खूप लागतं, तरीही पोळी कोरडी, कारण प्रथिनाच्या वाट्याला पाणी आलंच नाही. कॅलेंडरवरचा पाण्याचा आकडा हवामान न बदलता अचानक चढला, तर मी पहिल्यांदा गिरणीवाल्या काकांना विचारते, टाकी कधी लावली होती?

दळायच्या आधी गहू धुतला असेल तर तो पूर्ण वाळलेला हवा. सपिठासाठी, शेवयांसाठी आपण गहू ओलवून, झाकून, मग दळतो. त्याने कोंडा चिवट होतो आणि मोठ्या पापुद्र्यांत निघतो. मोठ्या मैदा गिरण्याही याच कारणाने दळण्याआधी गहू ओलवतात. पण तिथे गहू तापणार नाही अशी काळजी असते. ओलवलेला गहू तापणाऱ्या चक्कीत टाकणं म्हणजे ओल आणि ताप एकत्र. चौथ्या मुद्द्यात सांगितलं ते आठवा.

९. गहू

अर्धा तास थांबल्यावर कणीक बिघडली असेल तर तुम्ही थेट इथे आला असाल.

काही वर्षांपूर्वी मार्चअखेरीस अवकाळी पाऊस झाला. त्यानंतर मी नवा गहू घेतला, सहा पोती, भाव चांगला मिळाला म्हणून. रंग थोडा फिका होता, एवढंच. पहिल्याच सकाळी कणीक सुरेख मळली गेली. साडेसातला लाटायला बसलो तर परातीत उंड्याचा चपटा थाळा झालेला. पिठी लावून कशाबशा पोळ्या केल्या, त्या तव्यावर तांबूस डाग धरून चिकटत होत्या आणि चवीला गोडसर. त्या दिवशी दोनशे डब्यांत मी ज्या पोळ्या दिल्या त्या मला आजही आठवतात.

दुपारी मूठभर गहू पांढऱ्या ताटलीत घेऊन खिडकीशी बसले. निरोगी दाण्याचं अंकुराचं टोक बंद, गुळगुळीत असतं. यातल्या कितीतरी दाण्यांवर तिथली साल फुगून चिरलेली होती, काहींत पांढरं टोक सुईच्या अग्राएवढं बाहेर आलेलं. नखाने सहज निघत होतं. पाऊस पडल्यावर दाण्याला वाटलं पेरलं गेलो, आणि त्याने उगवायची तयारी सुरू केली होती.

त्या तयारीत दाणा विकरं, म्हणजे एन्झाइम, बनवतो. एक विकर स्टार्चचं साखरेत रूपांतर करतं, म्हणून पोळी गोड आणि डागाळलेली. दुसरी विकरं साठवलेल्या प्रथिनाच्या साखळ्या कापतात, कोवळ्या रोपाला खायला मिळावं म्हणून. गहू नंतर वाळवला तरी ही विकरं नाहीशी होत नाहीत, नुसती थांबतात. परातीत पाणी मिळालं की पुन्हा कामाला लागतात. म्हणून कणीक आधी चांगली असते आणि थांबल्यावर बिघडते.

मूठभरातून शंभर दाणे मोजा. चार-पाचांपेक्षा जास्त फुटलेले असतील तर मी तो गहू पोळीला घेत नाही. चांगल्या गव्हात मिसळून खपवायचा मोह होतो, मीही केला. विकरं चांगल्या गव्हाचंही जाळं कापतात, आणि मग दोन्ही गहू हातचे जातात. बुरशीचा वास नसेल तर असा गहू भरडून लापशीला, सांज्याला वापरता येतो, तिथे जाळ्याची गरज नसते. अडचणीच्या दिवशी पोळ्या करायच्याच असतील तर गार पाणी, मीठ, कणीक घट्ट, आणि थोडी थोडी भिजवून लगेच लाटायची. त्या दिवसापुरतं.

कुठे थांबायचं

बुरशीचं किंवा कुबट पीठ: पुढे काही करू नका, फेका. ते कुणी खाल्लं असेल आणि उलट्या-जुलाब सुरू असतील तर डॉक्टरांकडे जा, पिठाचा थोडा नमुना पिशवीत बांधून जवळ ठेवा.

गिरणीचा दगड: घरगुती चक्की असली तरी स्वतः उघडून दगड घासू नका. दोन दगडांमधलं अंतर चुकलं तर पिठात दगडाची कच येते, आणि वीज चालू राहिली तर बोटं जातात. टाकी लावणाऱ्या कारागिराला किंवा घरगुती चक्कीच्या मेकॅनिकला बोलवा. कणीक मळायचं यंत्र गरम होऊन कणीक तापवत असेल तर तेही मेकॅनिकचंच काम.

पोत्यांनी गहू घेणारे असाल, खानावळ, मेस, केंद्र चालवत असाल आणि दाणे पाहूनही शंका उरली, तर एक किलो नमुना अन्नधान्य तपासणाऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. तीन गोष्टी मागा: ओलावा, ओलं ग्लूटेन, आणि फॉलिंग नंबर. या शेवटच्या चाचणीत पिठाची पेज उकळत्या पाण्यात ठेवलेल्या नळीत ढवळतात आणि तिच्यातून दांडा तळाला जायला किती सेकंद लागतात ते मोजतात. ३०० च्या वर आकडा आला तर दाण्याला कोंब नाही. २०० च्या खाली आला तर घरी कुठलाही उपाय करत बसू नका, तो गहू पोळीचा उरलेला नाही. अहवाल हातात घेऊन विकणाऱ्याकडे जा. मी सहा पोत्यांच्या वेळी हे केलं नाही, दोन पोती दळून झाल्यावर गेले, आणि उरलेली चारच परत झाली. आता नवा गहू आला की आधी पाच किलो दळते, कणीक भिजवते, फडकं टाकते आणि घड्याळ बघून अर्धा तास थांबते. पैसे त्यानंतर.